एस्टिमेटमधले टास्क एपीआयने आणताना: नोंद पूर्ण आली का, हे कसं ओळखायचं

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात एस्टिमेट तयार होतं, घणसोलीच्या साइटवर काम चालतं आणि खरेदी विभाग तिसऱ्याच एक्सेल शीटवरून माल मागवतो. एस्टिमेटमध्ये गिलाव्याची क्वांटिटी बदलली तरी खरेदीच्या शीटमध्ये जुनाच आकडा राहतो, कारण तो कुणीतरी दोन महिन्यांपूर्वी हाताने उतरवलेला असतो. सात मजली इमारतीच्या एस्टिमेटमध्ये हजार-दीड हजार ओळी सहज होतात, आणि दर बदलाला त्या सगळ्या पुन्हा उतरवणं कुणालाच जमत नाही. म्हणून आता अनेक एस्टिमेटिंग सॉफ्टवेअर एपीआय देतात. एपीआयमुळे एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ, म्हणजे 'टास्क'ची नोंद, दुसऱ्या प्रोग्रामला किंवा एक्सेललाही थेट मागवता येते.

एपीआय समजायला साइटवरचं स्टोअर डोळ्यांसमोर आणा. स्टोअरमध्ये कुणीही आत शिरून माल उचलत नाही. खिडकीवर इंडेंटची चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर काय हवं ते लिहायचं, खाली सही करायची, आणि स्टोअरकीपर तेवढाच माल बाहेर देतो. एपीआयचंही असंच आहे. ठरलेला पत्ता म्हणजे खिडकी, आपली मागणी म्हणजे चिठ्ठी, 'एपीआय की' किंवा टोकन म्हणजे सही, आणि परत येणारा मजकूर म्हणजे माल. हा मजकूर बहुतेक ठिकाणी जेसन या स्वरूपात येतो: एका बाजूला रकान्याचं नाव, दुसऱ्या बाजूला त्यातला आकडा किंवा मजकूर.

चिठ्ठी टाकून माल आणणं एका दुपारचं काम आहे. चुका होतात त्या पुढे, आलेला माल मोजून न घेतल्यामुळे. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग मोजून घेण्यावरच आहे.

आधी एकच नोंद मागवा

सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमधून की तयार करताना फक्त वाचण्याची परवानगी घ्या. नोंदी आणण्यासाठी लिहिण्याची परवानगी लागतच नाही, आणि ती दिली तर एका चुकीच्या मागणीने मंजूर दर बदलू शकतो. की एक्सेलच्या सेलमध्ये ठेवू नका. ती फाइल उद्या व्हॉट्सॲपवर सबकॉन्ट्रॅक्टरकडे जाते आणि तिच्यासोबत कीही जाते. पोस्टमनसारख्या टूलमध्ये (एपीआयला मागण्या पाठवायचं सॉफ्टवेअर) किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ती वेगळी ठेवा, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी रद्द करा.

मग एका प्रोजेक्टमधला एकच टास्क मागवा आणि तो डोळ्यांनी वाचा. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रकान्यांची नावं वेगळी असतात, पण सांगाडा साधारण असाच असतो (आकडे उदाहरणापुरते आहेत):

आयडी: ४८१५७
पालक टास्क: ४८१५० (तिसरा मजला, फिनिशिंग)
आयटम कोड: "७.१०"
वर्णन: आतील गिलावा, १२ मिमी, १:४
क्वांटिटी: "६४२.५०"
एकक: चौरस मीटर
दर: "२८५.००"
रक्कम: "१८३११२.५०"
आवृत्ती: ३
स्थिती: मंजूर
शेवटचा बदल: यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत

पहिली तपासणी इथेच होते. क्वांटिटी गुणिले दर बरोबर रक्कम येते का? ६४२.५० गुणिले २८५ म्हणजे १,८३,११२.५०. जुळलं. जुळलं नाही तर ताबडतोब थांबा आणि कारण शोधा. बहुतेक वेळा वेस्टेज, नफा किंवा कर वेगळ्या रकान्यात असतो आणि रकमेत मात्र मिसळलेला असतो. दरात जीएसटी धरलाय की नाही, हेही याच वेळी विचारून घ्या.

कोड, क्वांटिटी, दर आणि रक्कम अवतरण चिन्हांत आहेत, म्हणजे ते मजकूर म्हणून आले आहेत. चांगले एपीआय पैशांचे आकडे मुद्दाम असे पाठवतात. संगणकाच्या नेहमीच्या दशांश पद्धतीत ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटीला बारीकसा आकडा चिकटतो. एका ओळीत तो दिसत नाही, पण राउंडिंगमध्ये एखादा पैसा इकडचा तिकडे होतो, हजार ओळींच्या बेरजेत आरए बिलाशी (कामाच्या चालू बिलाशी) काही पैशांचा फरक पडू शकतो आणि अकाउंट्सवाले तो शोधत बसतात. पायथन वापरत असाल तर अशा आकड्यांसाठी त्यातला 'डेसिमल' प्रकार वापरा. राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं की शेवटच्या बेरजेवर, हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये जसं असेल तसंच ठेवा.

सातव्या प्रकरणातला दहावा आयटम

कोड मजकूर असण्याचं महत्त्व एक्सेलमध्ये कळतं. "७.१०" एक्सेलने आकडा म्हणून वाचला की तो ७.१ होतो. मग सातव्या प्रकरणातला दहावा आयटम आणि पहिला आयटम एकच दिसतात. यादी लावताना गिलाव्याची रक्कम भलत्याच आयटमवर चढते, आणि एकूण बेरीज मात्र बरोबर राहते! त्यामुळे ही चूक फार उशिरा सापडते. "३-५" असा कोड असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, आणि कोडच्या सुरुवातीचं शून्य असेल तर तेही गळून पडतं.

उपाय सोपा आहे. एक्सेलच्या पॉवर क्वेरीतून डेटा आणला की ती स्वतःहून 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी जोडते. ती पायरी काढून टाका, कोडचा रकाना 'टेक्स्ट' करा आणि मगच पुढे जा. मराठी वर्णनं सीएसव्हीतून (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) येताना चौकोन आणि चिन्हं दिसत असतील, तर फाइल डबल-क्लिकने उघडू नका. 'डेटा' टॅबमधून आयात करा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा.

पानं

एपीआय सगळ्या नोंदी एका दमात देत नाही. समजा एका पानावर १०० नोंदी येतात आणि प्रोजेक्टमध्ये १,३४० टास्क आहेत. म्हणजे १४ पानं मागवायला हवीत, आणि शेवटच्या पानावर ४० नोंदी असतील. पहिल्या पानावर थांबलं तरी एरर येत नाही. उत्तराचा कोड २०० म्हणजे 'ठीक' असाच येतो. खोदकाम, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फुटिंग, प्लिंथ एवढंच शीटमध्ये उतरतं आणि गिलावा, टाइल्स, प्लंबिंग गायब असतं. उत्तरासोबत एकूण संख्या येत असेल तर ती आणि आपल्याकडे जमलेल्या ओळी दर वेळी ताडून बघा. एकूण संख्या देत नसेल, तर 'पुढचं पान' हा रकाना रिकामा येईपर्यंत मागवत राहा.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. पानं क्रमांकाने मागवताना पाचव्या पानावर असताना कुणी दुसऱ्या पानावरचा टास्क काढून टाकला, तर पुढची सगळी यादी एकाने वर सरकते. सहाव्या पानाची पहिली नोंद पाचव्या पानावर जाते आणि आपल्या हातून सुटते. वर कुणी टास्क घातला तर उलट होतं, एक नोंद दोनदा येते. म्हणून यादी आयडीच्या क्रमाने मागवा, एपीआय 'कर्सर' (कुठल्या नोंदीपर्यंत आलो याची खूण) देत असेल तर पान क्रमांकाऐवजी तोच वापरा, आणि आलेल्या नोंदींत आयडी दोनदा आलाय का ते बघा. टेंडर भरायच्या दिवशी, चार जण एकाच एस्टिमेटवर बसलेले असताना पूर्ण यादी मागवू नये. रात्री उशिरा मागवा.

बेरीज दुप्पट-तिप्पट का येते

एस्टिमेटमधले टास्क झाडासारखे असतात. इमारत, तिच्याखाली मजला, मजल्याखाली प्रत्यक्ष आयटम. मजल्याच्या नोंदीत त्याच्या आयटमांची बेरीज असते, इमारतीच्या नोंदीत मजल्यांची. एपीआय मात्र सगळ्या नोंदी सपाट यादीत, एकाखाली एक देतो. रकमेच्या रकान्याची सरळ बेरीज घेतली की तीन पातळ्यांच्या एस्टिमेटची रक्कम बरोबर तिप्पट येते. फक्त शेवटच्या पातळीची, म्हणजे ज्यांच्याखाली दुसरा टास्क नाही अशा नोंदींची बेरीज घ्या. ती प्रोजेक्टच्या एकूण रकमेशी जुळली पाहिजे, अगदी पैशापर्यंत.

बेरीज फुगण्याचं आणखी एक कारण आवृत्ती. टेंडरचं एस्टिमेट आणि नंतरचं रिव्हाइज्ड एस्टिमेट, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये जिवंत असतात. आवृत्तीची गाळणी लावली नाही तर दोन्ही येतात. खरेदीला चालू मंजूर आवृत्ती लागते, क्लेमच्या (जादा पैशांच्या दाव्याच्या) कामाला टेंडरची. कुठली हवी ते मागणीतच लिहा.

एकक

सगळ्यात महाग चूक एककात होते, आणि आपल्याकडे ती होण्याचं एक खास कारण आहे. बीओक्यू (कामांची आणि क्वांटिटींची यादी) मेट्रिकमध्ये असतो, पण ठाणे, नवी मुंबईतला माल आणि मजुरी अजून फुटात आणि ब्रासमध्ये चालते. वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गिलाव्याचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. शब्द एकच, माप दोन. नोंदीत एकक नुसतं 'ब्रास' असेल तर टास्क कोणत्या कामाचा आहे हे बघितल्याशिवाय रूपांतर करूच नका.

वरचीच नोंद घ्या. ६४२.५० चौरस मीटर गुणिले १०.७६४ म्हणजे साधारण ६,९१६ चौरस फूट, ६९.१६ ब्रास. २८५ रुपये चौरस मीटरचा दर म्हणजे २६.४८ रुपये चौरस फूट. गिलाव्याच्या ठेकेदाराशी बोलताना हाच आकडा लागतो. पण रूपांतर नव्या रकान्यात करा. मूळ क्वांटिटी, मूळ एकक आणि मूळ दर जसे आले तसेच राहू द्या. क्वांटिटी बदलून दर तसाच ठेवला, तर रक्कम पावणेअकरा पट होते.

लोखंडात किलो आणि टन यांचा घोळ हजारपट असतो. तो पकडायला काँक्रीटशी तुलना करा. काँक्रीटच्या आकारमानाच्या एक टक्का लोखंड धरलं तर घनमीटरला ७८.५ किलो होतं. ३८.५ घनमीटरच्या स्लॅबला अंदाजे ३,०२२ किलो. आणलेल्या नोंदीत ३.०२ दिसलं तर ते टन आहेत, ३,०२२ दिसलं तर किलो, आणि ३०२ दिसलं तर एखादी बार लिस्ट (सळ्यांची यादी) सुटली आहे का ते बघा. सळीच्या लांबीवरून वजन काढायचं सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं: व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२. १२ मिमीला मीटरमागे ०.८८९ किलो. हे सूत्र शीटमध्येच बसवून ठेवा. सिमेंटचीही अशी एक तपासणी आहे. १:१.५:३ च्या एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या लागतात. नोंदींवरून ५ किंवा १३ येत असतील तर आधी एकक तपासा.

एकाच नावाच्या चार नोंदी

यादीत 'खोदकाम' नावाचे चार टास्क एकाखाली एक दिसले की प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते डुप्लिकेट वाटतात आणि तो तीन काढून टाकतो. बांधकामातला माणूस हे करणार नाही, कारण माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगळे असतात. शिवाय खोली वाढली की लिफ्टप्रमाणे, म्हणजे खोलीच्या दर १.५ मीटरच्या टप्प्याला, आयटम वेगळा होतो. घोडबंदर रोडला डोंगराच्या बाजूच्या प्लॉटवर खडक लवकर लागतो. उलवे किंवा द्रोणागिरीच्या खाडीकाठच्या चिकणमातीत पाइल घ्यावे लागतात, आणि तिथे पाइल रनिंग मीटरमध्ये, पाइल कॅप घनमीटरमध्ये मोजतात. जमिनीचा प्रकार आणि लिफ्ट या गोष्टी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'कस्टम फील्ड'मध्ये भरलेल्या असतात. साध्या मागणीत ते रकाने येत नाहीत, विस्तारित माहिती वेगळी मागवावी लागते. डुप्लिकेट ओळखायचं ते फक्त आयडीवरून, नावावरून कधीच ओळखू नका.

मोजमापाच्या ओळींचंही तसंच आहे. टास्कच्या नोंदीत ६४२.५० हा निव्वळ आकडा येतो. तो नग, लांबी आणि उंचीच्या कोणत्या ओळींतून आला, हे दुसऱ्या मागणीने आणावं लागतं. त्या ओळींवरून बेरीज स्वतः करणार असाल तर वजावटीचा नियम माहीत हवा. आयएस १२०० भाग १२ (मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे गिलाव्यात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरच्या जागेची, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट होते आणि जांबचं, म्हणजे उघड्या जागेच्या आतल्या कडांचं, क्षेत्र मिळवत नाहीत. ३ च्या वर दोन्ही बाजूंची वजावट होते आणि जांब मिळवतात. ०.९ बाय २.१ चा दरवाजा १.८९ चौरस मीटर भरतो, म्हणजे एका बाजूची वजावट. प्रोग्रामने दोन्ही बाजू वजा केल्या तर मजल्यावरच्या प्रत्येक दरवाज्यामागे १.८९ चौरस मीटरचा फरक पडतो, आणि सगळे म्हणतात की एपीआयचा डेटा चुकीचा आहे. डेटा बरोबर असतो.

रिकामं आणि शून्य

दर रिकामा असणं आणि दर शून्य असणं यांत फरक आहे. रिकामा म्हणजे अजून दर भरलेला नाही. शून्य म्हणजे काम दुसऱ्या आयटममध्ये धरलं आहे किंवा माल क्लायंट देणार आहे. शीटमध्ये उतरवताना रिकाम्याचं शून्य झालं तर टेंडरची बेरीज कमी दिसते आणि लिफ्टच्या खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग फुकट करायची वेळ येते. रिकाम्या दराच्या नोंदींची वेगळी यादी काढा आणि एस्टिमेटरच्या हातात द्या.

फक्त बदललेल्या नोंदी

रोज १४ पानं मागवायची गरज नसते. 'अमुक वेळेनंतर बदललेल्या नोंदी' अशी मागणी करता येते. इथे तीन खड्डे आहेत.

वेळ बहुतेक यूटीसीमध्ये असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १२ तारखेच्या नोंदी यूटीसीने मागितल्या तर आपल्या १२ तारखेच्या पहाटे साडेपाचपासून १३ च्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या येतात. मार्चअखेरीला ऑफिसं मध्यरात्रीनंतरही चालतात. १ एप्रिलला रात्री १:१० ला बदललेली नोंद एपीआयमध्ये ३१ मार्च, १९:४० अशी दिसते आणि चुकीच्या आर्थिक वर्षात जाते. साठवताना यूटीसीच ठेवा, दाखवताना आणि गाळताना भारतीय वेळ लावा. पुढच्या मागणीसाठी मागच्या वेळी काम सुरू केलं ती वेळ धरा. संपवल्याची वेळ धरली, तर मधल्या मिनिटांत झालेले बदल कायमचे सुटतात.

दुसरं, काढून टाकलेला टास्क 'बदललेल्या' यादीत सहसा येत नाही. तो आपल्या शीटमध्ये तसाच बसून राहतो आणि त्याचा माल मागवला जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण यादी आणा आणि जे आयडी तिथे नाहीत ते आपल्याकडे 'रद्द' असं खुणावून ठेवा.

तिसरं, दरांच्या लायब्ररीत बदल झाला तरी टास्कची 'शेवटचा बदल' वेळ बदलेलच असं नाही. उलट, जुन्या मंजूर टास्कवर आजचा दर लावणंही चूकच. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कराशिवाय ३०० रुपयांची गोणी आधी ३८४ ला पडायची, नंतर ३५४ ला. ऑगस्टच्या एस्टिमेटमधला आकडा ऑगस्टच्याच दराने राहिला पाहिजे, नाहीतर टेंडरच्या वेळचा हिशेब पुन्हा मांडता येत नाही. प्रत्येक नोंदीसोबत दराची तारीख साठवा. एसएसआरवरून (सरकारी दरसूचीवरून) दर घेतला असेल तर कोणत्या वर्षाचा एसएसआर, तेही लिहा.

मागणी नाकारली गेली तर

उत्तराचा कोड ४०१ आला म्हणजे सही चुकली किंवा टोकनची मुदत संपली. ४०३ म्हणजे सही ओळखली, पण या प्रोजेक्टची परवानगी नाही. ४०४ म्हणजे अशी नोंद नाही, मात्र काही सॉफ्टवेअर परवानगी नसतानाही ४०४ च देतात, म्हणून आयडी बरोबर असेल तर परवानगीही तपासा. ४२९ म्हणजे खिडकीवर एकदम फार चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरात 'रिट्राय-आफ्टर' दिलं असेल तर तेवढे सेकंद थांबा. दिलं नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत पुन्हा मागा. ५०० आणि त्यापुढचे आकडे म्हणजे बिघाड त्यांच्याकडे आहे. तिथेही थांबून पुन्हा मागायचं, पण पाच-सहा प्रयत्नांनंतर प्रोग्रामने माणसाला कळवलं पाहिजे. नववं पान अडलं म्हणून ते सोडून दहावं आणणारा प्रोग्राम वापरू नका. चौदाही पानं आली तरच शीट बदला, नाहीतर कालचं शीट तसंच राहू द्या.

आणि आलेलं मूळ जेसन उत्तर, कसलाही हात न लावता, तारीख आणि वेळेच्या नावाने एका फोल्डरमध्ये टाकत चला. १,३४० टास्कची फाइल काही मेगाबाइटच्या पुढे जात नाही. सहा महिन्यांनी सबकॉन्ट्रॅक्टर एमबी (मोजमाप वही) घेऊन समोर बसतो आणि तिसऱ्या मजल्याच्या गिलाव्याची क्वांटिटी तेव्हा किती होती असं विचारतो, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये कदाचित पाचवी आवृत्ती असेल. त्या दिवशीची फाइल उघडायची, ४८१५७ शोधायचा आणि आकडा त्याला दाखवायचा.